मधे पडलेले पाच ठिपके

३ ऑक्टोबर

छोट्या,

पत्राच्या वर जे मानाचं आणि आशीर्वादाचं लिहायचं असतं ते मी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. बारा वर्षांनी तोंड उघडणाऱ्या बहिणीला ते शोभेना. तेव्हा सरळ कामाचं लिहिते.

सोबत एक अर्ज आहे. खाली उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं फुली केली आहे, तिथे सही कर आणि परत पाठव. पाकिटावर पत्ता आणि तिकीट दोन्ही आहे, म्हणजे सबबीला जागा ठेवलेली नाही. पंधरा नोव्हेंबरच्या आत अर्ज माझ्या हातात पडला पाहिजे.

ज्या अहवालामुळे तुझा लिफ्ट दुरुस्तीचा परवाना रद्द झाला, तो अहवाल खात्यानं पुन्हा तपासावा, एवढंच अर्जात म्हटलं आहे. अहवाल कोणी लिहिला होता ते तुला सांगायला नको. त्यात गणिताची एक बारीक चूक राहून गेली होती, हे माझ्या आता लक्षात आलं. चूक तांत्रिक आहे, कोणाच्याही हातून झाली असती. पण ती दुरुस्त झाली तर तुझा परवाना तुला परत मिळेल.

घाई अशासाठी की बारा वर्षं उलटली की रेकॉर्ड रूम जुन्या फायली लगद्याला पाठवते. आपली फाईल पंधरा नोव्हेंबरला जाणार. चाचणीच्या दिवशी लिफ्टनं ठिपके उमटवले ती कागदी पट्टी त्या फायलीत आहे. पट्टी गेली की मग तू काय आणि मी काय, कोणी काही सिद्ध करू शकणार नाही. आणि असा अर्ज ज्याचा परवाना गेला त्यालाच करता येतो. दुसरा मार्ग नाही.

तुझा पत्ता पाणीपंप विकणाऱ्या एका कंपनीच्या दुरुस्तीवाल्यांच्या यादीत सापडला. जन्म तपासणीत गेला माझा, एवढं तर जमायलाच हवं. म्हणजे तू आता पंप उघडतोस. चुलतभावाकडून कळलं होतं की तू काहीतरी यंत्रांचंच करतोस, पण कसली यंत्रं ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

मी बरी आहे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. पाचव्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. टेबलाला दोन खुर्च्या आहेत, त्यातली एक कागदांनी भरली आहे. इमारतीच्या लिफ्टमध्ये मजला सांगणारा एक बाईचा आवाज आहे. काही दिवशी माझ्याशी बोलणारी ती एकटीच असते. ती 'पाचवा मजला' म्हणाली की मी 'हो, ठाऊक आहे' म्हणते. शेजारचे ऐकतात. ऐकू देत.

तुझी बहीण
(लिफ्ट तपासनीस, निवृत्त)

कंसातलं सवयीनं लिहिलं गेलं. खोडलं तर कागद घाण दिसेल म्हणून राहू दिलं.

१२ ऑक्टोबर

छोट्या,

जायला चार दिवस, यायला चार दिवस, आणि एक दिवस तुझ्या विचार करण्याला, असे नऊ दिवस मी थांबले. पेटी रिकामी आहे. सही करायला माणसाला कारण लागतं हे मला कळायला हवं होतं. तेव्हा चूक काय होती ते सविस्तर सांगते. तुला यातलं सगळं समजेल असं लिहायचा प्रयत्न करते.

खात्यानं मला नव्या तपासनिसांना शिकवायला दर शनिवारी बोलावलं. स्थानावरून त्वरण कसं काढायचं हा तिसऱ्या शनिवारचा विषय. उदाहरण म्हणून मी कोणता अहवाल उचलला असेल? तुझाच. माझ्या एकतीस वर्षांतला तो सगळ्यात नेटका अहवाल, अशी माझी समजूत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तुला आठवतच असेल, पण आकडे पुन्हा लिहिते. म्हातारा घड्याळजी लिफ्टमधून उतरताना पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी मी चाचणी घेतली. लिफ्ट खाली येत होती आणि तुझा ब्रेक तिला तळमजल्यावर थांबवत होता. यंत्र दर दशांश सेकंदाला पट्टीवर एक ठिपका मारत होतं. पट्टीवरचा एक मिलिमीटर म्हणजे लिफ्टचा एक सेंटिमीटर. मी फूटपट्टी लावली आणि तळमजल्यापासूनची उंची सेंटिमीटरमध्ये लिहून काढली: ५०, ४१, ३२, २४, १८, १३, ८, ४, २, १, ०.

आता लागोपाठच्या दोन आकड्यांची वजाबाकी केली की त्या दशांश सेकंदात लिफ्ट किती सरकली ते कळतं. तो तिचा वेग: ९, ९, ८, ६, ५, ५, ४, २, १, १. त्यांची पुन्हा वजाबाकी केली की वेग किती बदलला ते कळतं. ते त्वरण: ०, १, २, १, ०, १, २, १, ०. इथला एक म्हणजे एक मीटरचं त्वरण, आणि नियमाची मर्यादा दीड. इथे दोन आला, आणि तोही दोनदा. मी लिहिलं, 'ब्रेक अडखळत धरतो, प्रवाशाला मर्यादेपेक्षा जास्त धक्का बसतो.' संपलं.

वर्गात हे सगळं मी फळ्यावर मांडलं. मागच्या बाकावर एक बाई आहे, आधी शाळेत शिकवत असे. तिनं हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, फूटपट्टीच्या दोन रेघांच्या मधे पडलेल्या ठिपक्यांचं काय केलंत?" मी म्हटलं, जवळच्या रेघेवर ढकलले. ती म्हणाली, "आणि जे बरोबर मधोमध होते ते?"

असे पाच होते, छोट्या. अकरापैकी पाच, माझ्या जुन्या वहीत त्यांच्यापुढे खुणा आहेत. कोणाला मी वर ढकललं, कोणाला खाली, त्या वेळी हाताला येईल तसं. अर्ध्या मिलिमीटरनं काय होतंय, असं वाटलं असणार. काय होतं ते सांगते. लिफ्टच्या मापात तो अर्धा सेंटिमीटर. दोन वजाबाक्यांत तो दुप्पट होतो, आणि मग दशांश सेकंदानं दोनदा भागला की एका अख्ख्या मीटरचं त्वरण तयार होतं. लिफ्टला कधी न बसलेला धक्का. नीट बघितलं असतं तर आकडेच ओरडून सांगत होते. कुठला ब्रेक एका सेकंदात दोनदा धरतो आणि दोनदा सोडतो?

बरोबर रीत अशी. आधी सगळ्या ठिपक्यांना धरून जाणारा एक गुळगुळीत वक्र काढायचा आणि त्याचं सूत्र शोधायचं. ते असं निघतं:

उंची = ५० − १०० × वेळ + ५० × वेळ × वेळ

एकही ठिपका याच्यापासून अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लांब नाही. आता याचं विकलन करायचं, म्हणजे ही उंची त्या त्या क्षणी किती झपाट्यानं बदलते आहे ते काढायचं. एकदा केलं की वेग मिळतो: १०० − १०० × वेळ. दुसऱ्यांदा केलं की त्वरण: उणे १००. उणे, कारण लिफ्ट मंदावते आहे. शंभर सेंटिमीटर म्हणजे एक मीटर. ब्रेकनं धरल्यापासून लिफ्ट थांबेपर्यंत एकच. मधे ना दोन, ना शून्य.

तुझा ब्रेक लोण्यासारखा होता. मर्यादेच्या कितीतरी आत.

अर्ज सापडत नसेल तर दुसरा जोडला आहे.

तुझी बहीण

२३ ऑक्टोबर

छोट्या,

अजून काही नाही. पोस्टमन आता मला बघूनच मान हलवतो, बिचाऱ्याला वाटतं मी त्याच्यावर रागावले आहे.

मागच्या पत्रात मी एक लिहिलं नाही, आणि तू ते वाचताना नेमकं तेच शोधलं असशील. त्या शाळेतल्या बाईनं जे विचारलं ते आधी तू विचारलं होतंस.

अहवाल साहेबांकडे जायच्या आदल्या दिवशी तू कचेरीत आलास. पिशवीत तुझा तो स्टीलचा पेला होता. ब्रेक लावला की केबिनच्या जमिनीवर काठोकाठ भरलेला पेला ठेवायचा, सहा मजले खाली यायचं, आणि थेंब सांडला नाही तरच काम झालं म्हणायचं, ही तुझी रीत. तू सांगितलंस की चाचणीच्या दिवशी सकाळीच तू ते केलंस आणि एक थेंब सांडला नाही. मी हसले. माझ्या टेबलापाशी चार माणसं उभी होती, तीही हसली. तू हसला नाहीस. तू पट्टीवर बोट ठेवलंस आणि म्हणालास, "ताई, पुन्हा मोज. भिंग घेऊन मोज. हे आकडे तुझ्या फूटपट्टीचे आहेत, लिफ्टचे नाहीत."

आणि मी काय म्हणाले?

"तुला विकलन येतं का? नाही ना? मग ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नकोस."

चार माणसांसमोर. मला अजून त्या चौघांचे चेहरे आठवतात, फक्त तुझा आठवत नाही, कारण मी तुझ्याकडे बघितलंच नव्हतं. तू बाहेरच्या नळावर पेला धुतलास, सदऱ्याला पुसलास आणि पिशवीत टाकलास. हे मी खिडकीतून पाहिलं. धुण्यासारखं त्यात काय होतं, असंही मला तेव्हा वाटलं.

तुला विकलन का येत नव्हतं ते आपल्या दोघांशिवाय कोणाला ठाऊक आहे? बाबा गेले तेव्हा तू दहावीत होतास आणि मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला. घरात एकालाच शिकता येणार होतं. कोणी काही बोलायच्या आधी तूच आईला म्हणालास की ताईला गणित येतं आणि मला हात चालवता येतो. दुसऱ्या सोमवारी तू लिफ्टवाल्याकडे कामाला लागलास. संध्याकाळी घरी यायचास, हाताला काळं वंगण, आणि मी तुझ्यासमोर बसून मोठ्यानं विकलनाची सूत्रं पाठ करायचे. तू म्हणायचास, जरा हळू म्हण, जेवताना डोक्यात जातं.

तू सोडलंस म्हणून मी शिकले, आणि तेच शिकलेलं तुझ्या तोंडावर फेकलं. मला लाज वाटते, छोट्या. हे वाक्य लिहायला मला बारा वर्षं लागली, तेव्हा निदान ते वाचलंस एवढं तरी कळव.

सही अजून हवी आहे.

ताई

५ नोव्हेंबर

छोट्या,

दहा दिवस राहिले.

काल रेकॉर्ड रूमला जाऊन आले. तिथला कारकून मला ओळखतो. फायली दोरीनं बांधून दाराजवळ रचून ठेवल्यात. आपली वरून चौथी. मी म्हटलं, जरा हात लावू का. तो म्हणाला, "मॅडम, बघा, पण नेऊ नका." मी तिथेच स्टुलावर बसून आख्खी फाईल वाचली. वाचायला नको होती असं घटकाभर वाटलं.

घड्याळजीचा जबाब मीच लिहून घेतला होता, माझंच अक्षर. "लिफ्ट थांबली. दार उघडलं. मी पाऊल बाहेर टाकलं आणि पाय अडकला." लिफ्ट थांबल्यावर, छोट्या. दार उघडल्यावर. इमारतीच्या रखवालदाराच्या जबाबात तर स्वच्छ आहे की उंबऱ्याची पत्र्याची पट्टी महिनाभर उचकटलेली होती. दोन्ही कागद माझ्याच हाताखालून गेले. आणि अहवालात मी लिहिलं, 'धक्क्याने तोल गेला.' तेव्हा मी खोटं लिहीत नव्हते, शपथेवर सांगते. माझ्याकडे आकडा होता, आणि आकड्यापुढे म्हाताऱ्याच्या पायाला कोण विचारतो? अति शहाणा त्याचा बैल रिकामा. माझ्या बाबतीत तर बैल तुझा गेला.

आता खरं ते लिहिते. साहेबांनी मला आधीच विचारलं होतं, लिफ्ट तुमच्या भावाची आहे, दुसऱ्या कोणाला देऊ का. मी नको म्हणाले. मला दाखवायचं होतं की मी भावालासुद्धा सोडत नाही. तू 'पुन्हा मोज' म्हणालास तेव्हा माझ्या मनात गणित नव्हतंच. मनात एवढंच होतं की आता भिंग काढलं तर हे चौघे म्हणतील, बघा, भावासाठी मोजते आहे. परका मेकॅनिक असता तर मी मोजलं असतं. तुझ्याच बाबतीत मोजलं नाही.

आणि आणखी एक. पहिल्या पत्रात मी लिहिलं की दुसरा मार्ग नाही. ते खोटं होतं.

दुसरा मार्ग आहे. तपासनिसानं स्वतः निवेदन द्यायचं की माझी चूक झाली. त्याला तुझी सही लागत नाही. पण मग त्याचे सगळे जुने अहवाल पुन्हा उघडतात, तज्ज्ञांच्या यादीतून नाव निघतं, आणि शनिवारचा वर्ग बंद होतो. तू अर्ज केलास तर ती नुसती 'तांत्रिक दुरुस्ती' होते आणि माझं नाव कुठे येत नाही. म्हणून मला तुझी सही हवी होती. तुझ्यासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त.

तुला हसू येईल, पण त्या शनिवारांची मी सोमवारपासून वाट बघते. वीस माणसं मला 'मॅडम' म्हणतात, एखादी प्रश्न विचारते, आणि चहाच्या सुट्टीत कोणीतरी माझ्याशेजारी बसतं. एवढं गेलं की आठवड्यात फक्त लिफ्टमधली बाई उरते.

आई गेली तेव्हा तू आला होतास. दोन तास होतास. सोफ्याच्या त्या टोकाला तू आणि या टोकाला मी, आणि मधे येणारी-जाणारी माणसं. तुझी लेक मुंगी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती, ती मधल्या जागेत येऊन बसली आणि माझ्या चष्म्याशी खेळत राहिली. मग तू उठलास. दाराशी थांबलास. मला वाटलं तू काही बोलशील, आणि तुला वाटलं असेल मी बोलेन. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

मला भीती वाटते. तू काय करशील याची नाही. मी काय करेन याची.

ताई

१४ नोव्हेंबर

छोट्या,

निवेदन आज सकाळी अकरा वाजता दिलं. चार पानं. आकडे, सूत्र, विकलन, घड्याळजीचा जबाब, साहेबांना मी दिलेलं उत्तर, तू पुन्हा मोजायला सांगितलंस ते, आणि मी तुला काय म्हणाले तेही. कारकुनानं शिक्का मारला आणि आपली फाईल ढिगातून काढून कपाटात ठेवली. पट्टी वाचली. तुझ्या सहीची आता गरज नाही. अर्ज फाडून टाक.

तिथून निघाले आणि का कोण जाणे, त्या इमारतीत गेले. लिफ्ट तीच आहे. माझा अहवाल वाचून तुझ्या जागी आलेल्यानं ब्रेक ढिला केला होता, तो तसाच आहे. जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून मी एक स्टीलचा पेला घेतला आणि रखवालदाराच्या नळावर भरला. रखवालदार नवा आहे. त्यानं विचारलं, काय करताय. मी म्हटलं, तपासते आहे. सहाव्या मजल्यावर पेला जमिनीवर ठेवला आणि दार लावलं.

तळमजला येता येता लिफ्ट थोडी खाली गेली, मग वर आली, मग थांबली. पाणी सांडलं. पाव पेला तरी गेलं असेल. बारा वर्षं त्या इमारतीतली माणसं असा हिसका खात उतरतात, तेही माझ्यामुळे. मी गुडघ्यावर बसून रुमालानं जमीन पुसली. वर एक बाई दार वाजवत होती, लिफ्ट सोडा म्हणून.

तू असतास तर दाखवलं असतं.

ताई

४ डिसेंबर

छोट्या,

हुकमाची प्रत जोडली आहे. तीन माणसांची समिती बसली. त्यांनी पट्टी भिंगाखाली धरली, पाचही ठिपके मधोमध सापडले, माझं निवेदन जसंच्या तसं मान्य केलं आणि तिघांनी खाली सह्या केल्या. तुझा परवाना मूळ तारखेपासून कायम. म्हणजे कागदावर तो कधी गेलाच नव्हता. कागदाला काय, तो काहीही म्हणतो.

त्या इमारतीतला ब्रेक पुन्हा लावायचा आणि उंबऱ्याची पट्टी बघायची, असाही हुकूम निघाला आहे. वर्ग बंद झाला. शाळेतल्या बाईनं एकदा घरी यायचं म्हटलं आहे, बघू. दुसऱ्या खुर्चीवरचे कागद मी उचलून ठेवले.

वरातीमागून घोडं, हे मला कळतं. तू लिहिलं नाहीस तरी चालेल. हे शेवटचं.

ताई

१२ डिसेंबर

आत्या,

मी मुंगी. आता बारावीत आहे, उंचीनं बाबांच्या बरोबरीची झाले, पण घरात अजून मुंगीच म्हणतात.

तुमची सगळी पत्रं मिळाली. बाबा ती दुकानात वॉशरच्या डब्यात ठेवतात. आधी मी चोरून वाचली, मग त्यांनीच वाचायला दिली. तुम्ही पाठवलेल्या पहिल्या अर्जावर बाबांनी ऑक्टोबरमध्येच सही केली होती. पाकीटही चिकटवलं होतं. पण टाकलं नाही. मी विचारलं, का नाही टाकत, तर म्हणाले की तपासनिसाला स्वतः चूक कबूल करता येते हे प्रत्येक मेकॅनिकला ठाऊक असतं, बघू या ती काय करते. चौदा तारखेचं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी दुपारीच दुकान बंद केलं आणि एकटेच कुठेतरी चालत जाऊन आले. आईनं मला सांगितलं, काही विचारू नकोस.

मी लिहिते आहे ते दुसऱ्या कारणासाठी. आम्हाला भौतिकशास्त्राला हाच धडा आहे. तुमचं बारा ऑक्टोबरचं पत्र मी चार वेळा वाचलं, कारण वर्गात कळलं नव्हतं ते त्यातून कळलं. पण त्यात एक चूक आहे. तुमचं सूत्र तळमजल्यापासून वर मोजलेल्या उंचीचं आहे. त्याचं विकलन केलं की ५० जातात, −१०० × वेळ याचे −१०० होतात आणि ५० × वेळ × वेळ याचे १०० × वेळ होतात. म्हणजे वेग = −१०० + १०० × वेळ. तुम्ही चिन्हं उलटी लिहिलीत. आणि मग त्वरण अधिक १०० येतं, उणे नाही. मंदावते म्हणजे त्वरण उणे, असं आमच्या वर्गातही निम्मी मुलं धरून चालतात. वेग उणे आहे, कारण लिफ्ट खाली चालली आहे. पण ब्रेकची ओढ वरच्या दिशेची आहे, म्हणून त्वरण अधिक.

हुकमाच्या प्रतीतही तुमचं निवेदन आहे, तिथेही उणेच आहे.

मी हे बाबांना दाखवलं. ते पंप उघडून बसले होते. त्यांनी हात पुसले आणि वाचलं. मग म्हणाले, "आत्याला लिही." मी विचारलं, काय लिहू. ते म्हणाले, "लिही, ताई, पुन्हा मोज."

तुमची,
मुंगी

१७ डिसेंबर

छोट्या, आणि मुंगे,

पत्र काल दुपारी आलं. जिन्यातच उघडलं आणि तिथेच पायरीवर बसून वाचलं. मग वर आले, कोरा कागद घेतला आणि सूत्र पहिल्यापासून मांडलं. चष्मा काढून, डोळे पुसून, पुन्हा मांडलं. लिफ्टमध्ये एकतीस वर्षं काढली, पण खाली चाललेल्याला वरची ओढ असू शकते हे मला नीट कळलं नव्हतं.

आज कचेरी उघडायच्या आधी जाऊन दारात उभी राहिले. कारकून म्हणाला, "मॅडम, आता काय राहिलं?" मी म्हटलं, एक चिन्ह. समितीतल्या दोघांना बोलावलं, तिसरे रजेवर होते. ते म्हणाले, निकालात यानं काही फरक पडत नाही, राहू द्या. मी म्हटलं, राहू देणार नाही. कोणी काढली चूक, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, माझी भाची बारावीत आहे, तिनं काढली. आणि मोजायला सांगितलं माझ्या भावानं, तो मेकॅनिक आहे. दोघांचीही नावं निवेदनात लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं. उणेवर उभी रेघ मारून मी अधिक केलं आणि बाजूला सही केली.

मुंगे, त्वरणाचं अजून एक उदाहरण सोबतच्या कागदावर आहे. त्यात लिफ्ट वर चालली आहे. सोडव आणि पाठव. माझं उत्तर मी लिहिलेलं नाही, चुकण्याची शक्यता आहे.

छोट्या, मोजलं. दोनदा मोजलं. पोरगी बरोबर आहे, मी चुकले.

ताई